महालातून रस्त्यावर

कौतिकाबाई गेल्याची बातमी मी वडशाच्या रेल्वे फाटकाजवळच्या चहाटपरीवर सांगितली, तेव्हा बाकड्यावरचे सगळे जण हसले. चूक त्यांची नाही. फोन यायच्या आधी अर्धा तास मी त्यांना सांगत होतो की, एक वाघ आमच्या नाटकाला नेमानं यायचा, मंडपामागं बसायचा, आणि दुसऱ्या अंकात मी धपकन पडलो की बरोबर त्याच जागी खोकायचा. पुढंपुढं तर तो खोकला नाही तर मला पडायचं सुचायचंच नाही. तीस वर्षं झाडीपट्टीत विनोदी कामं केलेल्या माणसावर लोकांनी दुसरा काय विश्वास ठेवायचा. तेवढ्यात फोन वाजला. ऊर्जानगरच्या बाजूला राहणारी छाया बोलत होती. 'भाऊ, बाई गेल्या. जेवल्या, जरा आडव्या झाल्या, आन्...' मी फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, कौतिकाबाई गेल्या. एकानं विचारलं, 'कुठी गेल्या, सिनेमात?' दुसरा म्हणाला, 'वाघासंगं गेल्या असतील जी.' मी तोंड उघडलं, लोक हसले आणि मला राग आला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. चहावाल्यानं माझ्या तोंडाकडे पाहून गॅस बारीक केला.

आता लिहायला बसलो तर निराळीच अडचण आहे. मला वाढवून सांगायची खोड. एका सशाचे मी सात ससे करतो, आणि सातवा सहसा बोलतो. पण या बाईच्या बाबतीत माझी कायम पंचाईत व्हायची. मी कितीही फुगवून सांगितलं तरी खरं काय ते त्याच्याहून मोठं निघायचं. म्हणून आज मी शक्यतो कमी करून सांगणार आहे. तरी कुणाला खोटं वाटलं तर समजावं, की तोच भाग खरा.

झाडीपट्टीचं नाटक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो की, दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडप पडतात आणि वडसा हे सगळ्या नाटक कंपन्यांचं माहेर. एकेका नटाची इतकी नाटकं होतात की आज आपण बाप आहोत की जावई, हे त्याला पडद्याआड बसलेला प्रॉम्प्टरच सांगू शकतो. कौतिकाबाई बावीस वर्षं आमच्या कंपनीच्या प्रॉम्प्टर होत्या. ही पुरुषांची जागा. पण आमच्या प्रॉम्प्टरचा ऐन हंगामात आवाज बसला, कार्यालयात पडदे शिवायला ठेवलेल्या या बाईंनी वही हातात घेतली, ती पुन्हा कुणाला दिलीच नाही. त्यांची कुजबूज गलोलीच्या खड्यासारखी होती. ज्याला मारली त्यालाच लागणार. नायकाला दिलेलं वाक्य शेजारच्या खलनायकाला ऐकू जायचं नाही. कुरखेड्याकडच्या एका प्रयोगात नायक ऐन वेळी खाली वाकला, आणि बाईंचं वाक्य त्याच्या डोक्यावरून जाऊन पहिल्या रांगेतल्या पोलीस पाटलाच्या कानात शिरलं. बिचारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, प्रिये, तुझ्याविना मी जगू शकत नाही. बायको शेजारीच बसली होती. त्यांचा संसार पुढं फार सुखाचा झाला असं ऐकतो.

पडदे शिवायला त्या आल्या कशा, ते मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कुरखेडा तालुक्यातल्या एका लहान गावची ही बाई. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं. एक दिवस रोवण्याला गेल्या, दिवसभर चिखलात धान लावलं, आणि परत येऊन पाहतात तर घराला छप्पर नाही. दिरानं कवेलू काढून आपल्या गोठ्यावर चढवले होते. भिंती होत्या, दार होतं, दाराला यांनी सकाळी घातलेली कडीसुद्धा होती. त्या मला म्हणाल्या होत्या, 'भाऊ, मी कडी काढून आत गेली. सवय न. आत गेली आन् वर पाह्यलं तं आभाळ.' ते पाहून त्यांनी काय केलं असेल? कपडे बांधले, बाहेर आल्या, आणि पुन्हा कडी घातली.

वडशात आल्यावर त्या खोली शोधत फिरल्या. एकटी बाई, हाताला काम नाही, आणि बौद्ध. आमच्याकडे कुणी जात विचारत नाही, आम्ही सभ्य लोक आहोत. आम्ही म्हणतो, 'पूरं नाव सांगा.' आडनाव ऐकलं की मालकाला एकदम आठवतं की खोली कालच दिली. त्या वर्षी वडशात जितक्या खोल्या काल दिल्या गेल्या, तितक्या खोल्या वडशात बांधलेल्याच नव्हत्या. शेवटी आमच्या कंपनीच्या मालकानं त्यांना पडदे शिवायला ठेवून घेतलं आणि कार्यालयात पडद्यांच्या गठ्ठ्यांवर झोपायची परवानगी दिली. कौतिकाबाई पहिल्यांदा निजल्या ते महालाच्या पडद्यावर. खांब, झुंबरं, संगमरवरी जिना. त्या सांगायच्या, इतकी चांगली झोप लग्नानंतर कधी लागली नव्हती.

पुढं फ्लेक्स आले, चमचमत्या दिव्यांच्या भिंती आल्या, आणि हातानं रंगवलेले पडदे कंपन्या विकायला लागल्या. लोक ते धानाच्या ढिगावर झाकायला न्यायचे. एका शेतात मी रामाचा अख्खा दरबार उताणा पडून पावसात भिजताना पाहिला आहे. बाई एकेक पडदा मागून आणू लागल्या. आम्हाला वाटलं, म्हातारपणाची लहर. मग एका राईस मिलवाल्याचं जुनं पडकं गोडाऊन त्यांनी मागून घेतलं, बल्ल्यांवर दोऱ्या बांधल्या, पडदे सोडले आणि खोल्या केल्या. कुणासाठी? तर ज्यांचे कवेलू गेले त्यांच्यासाठी. नवऱ्यानं टाकलेल्या, दिरानं हाकललेल्या, मार खाऊन निघालेल्या. बहुतेक बौद्ध, काही गोंड, म्हणजे ज्यांचं पूर्ण नाव ऐकून खोल्या कालच जातात अशा. पहिल्या पावसाळ्यात चौघी होत्या. मी त्यांना म्हटलं, बाई, एक झकास पाटी रंगवून देतो, अमुक-तमुक महिला आश्रम. तर म्हणाल्या, 'आश्रम म्हटलं का माणूस मरेपर्यंत राह्यते. हे ठेसन आहे भाऊ. ठेसनावर कोणी मुक्काम करते का?' त्यामुळे त्या जागेला कधीच नाव पडलं नाही. लोक गोडाऊनच म्हणतात.

पण या ठेसनाची रीत ऐका. नवी बाई आली की ती महालात. तिनं काही करायचं नाही. झोपायचं, खायचं, रडायचं असेल तर झुंबराकडे पाहून रडायचं. बाईंचं म्हणणं, जिच्या डोक्यावरचं छप्पर गेलं तिनं आधी राजवाड्यात राहावं, मग दुनियेकडं पाहावं. डोळ्यांतली भीती गेली की तिला जंगलाच्या पडद्यात हलवायचं. तिथं कागद करायचे. आधार, रेशन, बँकेचं पासबुक. 'तहसील म्हंजे जंगलच,' बाई म्हणायच्या, 'वाट माहीत असली तं फळं, नाई तं अस्वल.' कागद झाले, काम लागलं, की शेवटचा पडदा, दाराजवळचा. त्याच्यावर रस्ता काढलेला होता. दोन्हीकडं घरं, दिव्याचा खांब, आणि कोपऱ्यात एक कुत्रं, जे चितारणाऱ्याला न जमल्यामुळं डुकरासारखं दिसायचं. इथं आलेल्या बाईनं खोली शोधायची आणि जायचं. त्यामुळं साऱ्या मराठी मुलखात ज्याचा अर्थ वाईट, ते वाक्य या एकाच गोडाऊनमध्ये आनंदाचं होतं. कोणी बाई 'रस्त्यावर आली' की त्या दिवशी गोड शिजायचं. एकदा एक सरकारी बाई पाहणीला आल्या होत्या. एक पोरगी धावत येऊन त्यांना म्हणाली, 'म्याडम, मी परवा रस्त्यावर आली.' म्याडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी मात्र पेढे मागत होती.

रस्त्यावर आलेल्या बाईची तालीम असायची. दुपारी जेवणं झाली की बाई वही घेऊन बसत, आणि मी घरमालक. खोली मागायला येणारी बाई काय बोलेल, मालक काय विचारेल, कुठं थांबायचं, कुठं हसायचं, सगळं बसवलेलं. त्या संहितेत आडनाव खोटं असायचं आणि नवरा हैदराबादला कामाला असायचा. आमच्या गोडाऊनचे इतके नवरे हैदराबादला होते की तिथल्या लोकांना राहायला जागा उरली नसेल. एका बाईनं तर दारातच दुसऱ्या अंकाचा शेवट केला. पदर पसरून असा हंबरडा फोडला की मालकानं खोली द्यायच्या ऐवजी डॉक्टरला बोलावलं. माझं घरमालकाचं काम मात्र सगळ्यांना आवडायचं. बाई म्हणायच्या, 'भाऊ, तुमाले हे काम शिकवावं नाई लागलं.' मी ते कौतुक समजून खिशात घालत होतो.

छाया आली ती या सगळ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. नवरा ट्रॅक्टरखाली गेला, आणि दुखवट्याचे पाहुणे परतायच्या आत सासऱ्यानं हिला घराबाहेर काढलं. सहा वर्षांची पोर ठेवून घेतली, तनुजा तिचं नाव. चार माणसं बसली, बोलणं झालं, तेव्हा सासरा म्हणाला की, नात घेऊन जा, माझी ना नाही, पण आधी तुझी स्वतःची खोली दाखव. रस्त्यावरच्या बाईच्या हाती मी पोर देणार नाही. शाळा उघडायच्या आत खोली दिसली नाही तर पोरीला सिरोंच्याकडे तिच्या आत्याकडे पाठवतो. सिरोंचा म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक; तिथून पुढं लोक तेलुगूत स्वप्नं पाहतात. तिथं पोर गेली की मायपासून तुटलीच. छाया महालात आठ दिवससुद्धा झोपली नाही. तिनं स्वतःच आपली गादी उचलून जंगलात नेली. महिन्याभरात कागद केले, चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्राच्या वसाहतीशेजारी एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम पक्कं केलं. राहिली फक्त खोली. तिकडं ती चार दारांवर जाऊन आली, आणि चारही खोल्या कालच गेल्या होत्या. शाळा उघडायला तीन आठवडे होते.

बाईंनी ठरवलं, या वेळी प्रयोग चुकता कामा नये. आम्ही तिघं गाडीनं चंद्रपूरला निघालो. मी छायाच्या नवऱ्याचा काका, म्हणजे आडनाव माझं, आणि माझ्या आडनावाला कुठंच अडचण येत नाही. बाई म्हणजे गावची सोबतीला आलेली म्हातारी. त्यांनी पायरीवर बसायचं, आणि छाया अडली की वाक्य द्यायचं. मे महिना. चंद्रपूरचं ऊन असं की चिमण्या पायी चालत होत्या. ऊर्जानगरचं हे पाचवं घर चांगलं होतं, मागच्या बाजूला सुटी खोली, नळ, पेरूचं झाड. मालकीणबाई ओट्यावर पापड लाटत होत्या. त्यांनी सगळं विचारलं, आणि छायानं सगळं सांगितलं. असं काम मी मोठमोठ्या नट्यांचं पाहिलं नाही. मी काकाचा असा काका झालो की मला खरंच तिच्या लग्नाची आठवण यायला लागली. मालकीणबाई विरघळल्या. आत गेल्या, किल्ली आणली, पोळपाटाशेजारी ठेवली. आणि मग निव्वळ भलेपणानं म्हणाल्या, 'पोरीले इथल्याच शाळेत टाका. मास्तरीण ओळखीची आहे माह्या, आत्ताच फोन करून देते. नाव काय लावता पोरीचं, पूरं?'

हे वाक्य आमच्या वहीत नव्हतं. छाया थांबली. तिनं पायरीकडं पाहिलं, आणि मीही पाहिलं. बावीस वर्षांत ज्या बाईनं एकाही नटाला उघडं पाडलं नाही, दारू पिऊन आलेल्या राजालासुद्धा शब्दाशब्दानं सिंहासनापर्यंत नेऊन बसवलं, ती बाई समोर बसली होती. एक शब्द हवा होता, माझं आडनाव, बस. बाईंचे ओठ हलले. मी पाहिले हलताना... आणि मिटले. किती वेळ गेला कोण जाणे, मला तर पापड वाळल्यासारखे वाटले. मग छायानं सांगितलं. पोरीचं नाव, बापाचं नाव, आणि आडनाव. खरं.

मालकीणबाई रागावल्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो. किल्ली हळूच उचलून पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, 'अव्वा, मी तं भुललीच. आमच्या यायनं कालच एकाले शब्द देला.'

चंद्रपूरच्या फलाटावर सावलीला आम्ही बसलो. छाया नळावर तोंड धुवायला गेली ती बराच वेळ धूतच राहिली. माझा संताप मावत नव्हता. मी म्हणालो, बाई, एक शब्द टाकला असता तर उद्या पोर मायजवळ आली असती.

'होता न तोंडात,' त्या म्हणाल्या.

'मंग?'

'मायनं आपलं नाव लपवलं, चालून जाते भाऊ. दार लावलं का तिचं तिले माहीत राह्यते. पण त्या पोरीले काय सांगाचं? का तुह्या नावानं खोली भेटत नाई, म्हून तू आता दुसऱ्याची हो? ते सहा वर्षाची आहे. तिले तेच खरं वाटल.'

मी मालकीणबाईला शिव्या द्यायला लागलो. मी शिव्या चांगल्या देतो, तालात देतो. बाईंनी त्या ऐकून घेतल्या आणि मग आपल्या त्या खड्यासारख्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, 'तुमी नका बोलू भाऊ. तुमचीबी कालच गेली होती.'

ते खरं होतं. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी माझ्या दारात एक बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी होती. माझी मागची खोली रिकामी होती, आतमध्ये फक्त एक मोडकी सायकल होती. मी नाव विचारलं, पूर्ण. आणि म्हणालो, अरेरे, कालच दिली. आयुष्यात मी हजारो थापा मारल्या, सगळ्या फुलवून, रंगवून. ही एकच दोन शब्दांची होती. मी ती मारली आणि विसरलो. पुढं त्याच बाईनं बावीस वर्षं मला वाक्यं दिली, माझ्या विसरलेल्या जागा भरल्या, माझ्या ताटात आपल्या डब्यातली चटणी वाढली, मला घरमालकाचं काम दिलं... आणि या एका गोष्टीचा कधी शब्द काढला नाही. फलाटावर बसल्या बसल्या मला ते काम इतकं चांगलं का जमत होतं, ते कळलं. लोक म्हणतात, धरणी दुभंगावी. माझं सांगतो, मला फक्त गाडी यावी असं वाटत होतं, आणि त्या दिवशी ती वेळेवर आली नाही.

छाया परत आली. बाई तिचा हात धरून म्हणाल्या, 'पोरी, माह्यानं तुही खोली गेली.' आणि त्या पोरीनं ओल्या तोंडानं काय सांगावं? 'खोली कुठी गेली बाई? तिथीच आहे. खालीच आहे ते, रिकामी.'

हे ऐकून बाई उठल्या. मग मला म्हणाल्या, तुम्ही जा गाडीनं, आम्ही थांबतो. मी कसला जातो. गोडाऊनमधून निघून चंद्रपूरला खोली केलेली एक बाई होती, तिच्याकडं आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दारात. छायानं आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग पोरीचं पूर्ण नाव, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत, आणि मग विचारलं, कालच शब्द दिलेली माणसं आली का? मालकीणबाई गडबडल्या. येणार आहेत म्हणाल्या. बाई म्हणाल्या, 'बरं जी. उद्या पाहून जाऊ.' तिसऱ्या दिवशी पुन्हा. नाव, पोरीचं नाव, माणसं आली का. ना भांडण, ना आवाज चढवणं. चौथ्या दिवशी समोरच्या घरातल्या लोकांनी खुर्च्या बाहेर काढल्या. पाचव्या दिवशी, माझी शपथ, एकजण फुटाणे विकायला आला. छाया तिथूनच पुढं खानावळीत कामाला जायची आणि बाई पेरूच्या सावलीला बसून राहायच्या. सहाव्या दिवशी वावधन सुटलं. वाळत घातलेले पापड पाखरांसारखे उडाले. मालकीणबाई घरात झोपलेल्या. सत्तरीची ही म्हातारी ते पापड गोळा करत गल्लीभर धावली, कुंपणावरचे काढले, नालीकाठचे वेगळे ठेवले, आणि बाकीचे चादरीखाली दाबून वर स्वतः बसली. ते पापड त्या घरात पुढं खाल्ले गेले का, हे मी विचारलं नाही.

सातव्या दिवशी मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, 'तुमी काऊन येता जी रोज?'

'तुमचे माणसं येतील न,' बाई म्हणाल्या, 'त्यायले सांगाचं आहे, खोली चांगली आहे म्हणा, हवेशीर आहे. सांभाळून राहा.'

मालकीणबाई आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, किल्ली ओट्यावर ठेवली आणि पेरूच्या झाडाकडं पाहत बोलल्या, 'राहा आजपासून. मले रोज रोज खोटं बोलवत नाई.'

त्या बाईचं मन पालटलं वगैरे मी म्हणणार नाही. पुढं वर्षभर तिनं छायाकडं चहा घेतला नाही. पण किल्ली दिली. सासरा स्वतः येऊन खोली पाहून गेला, भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि काही दोष सापडत नाही म्हणून थोडा नाराजही झाला. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी तनुजा मायजवळ आली. आता ती नववीत आहे.

वडशाला परतल्याबरोबर तालमीची जुनी वही चुलीत गेली. हैदराबादचे सगळे नवरे परत आले, म्हणजे जे मेले होते ते मेले आणि ज्यांनी टाकलं होतं त्यांनी टाकलं. दारात उभं राहिलं की पहिलं वाक्य स्वतःचं पूर्ण नाव, कुणी विचारायच्या आत. बाई म्हणायच्या, 'जे त्यायले विचाराचं आहे ते आपण पहिलेच देऊन टाकू. मंग त्यायले काय विचाराचं ते विचारू द्या.' यानं खोल्या भराभर मिळाल्या का? नाही मिळाल्या. बहुतेक दारं तशीच बंद झाली. काही बाया दोन-दोन हंगाम रस्त्याच्या पडद्यात राहिल्या, त्या डुकरासारख्या कुत्र्याशेजारी. पण खोटं नाव सांगून गेलेल्या बायांना पुढं दर पाहुण्याला घाबरावं लागायचं, कागद लपवावे लागायचे, आणि वर्षभरात कुठून तरी बातमी फुटून त्या परत महालात यायच्या. नाव सांगून गेलेली एकही बाई परत आलेली मी पाहिली नाही. माझी मागची खोली त्याच पावसाळ्यात गोडाऊनमधल्या एका बाईला गेली. कौतिकाबाई आधी पाहून गेल्या, खिडकी लहान आहे म्हणाल्या. मी मोठी करून घेतली. त्यावर आमचं बोलणं झालं ते एवढंच.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा. दवाखान्यासाठी छायाकडं जाऊन राहायच्या, आणि तिथंच, त्याच खोलीत, दुपारच्या झोपेत त्या गेल्या. स्वतःच्या नावावर त्यांनी कधी खोली घेतलीच नाही. आम्ही म्हणायचो, आता तरी घ्या. त्या म्हणायच्या, मले महाल आहे.

गोडाऊनमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी वंदना घेतली. मी माणसं मोजायला गेलो आणि सोडून दिलं, कारण माझा आकडा कुणी खरा धरला नसता. चंद्रपूर, गडचिरोली, आरमोरी, नागभीड, जिथं जिथं खोली मिळाली तिथून तिथून बाया आल्या होत्या, पोरंबाळं घेऊन. सगळे पडदे वर गुंडाळले होते, म्हणून पहिल्यांदाच ते गोडाऊन एवढं मोठं आहे हे दिसलं. तरी जागा पुरली नाही. छाया दाराशी चपला नीट लावत होती. भाषणं सुरू झाली होती आणि माझी पाळी जवळ येत होती, तेव्हा दारात एक जाडशी वयस्कर बाई येऊन थांबली. दुपारच्या गाडीनं एकटीच आली असावी, घामानं डबडबलेली. छायानं मान वर केली आणि तिच्या हातातली चप्पल तशीच राहिली. ऊर्जानगरच्या मालकीणबाई होत्या. त्यांना या म्हणावं हे कुणालाच सुचलं नाही. आत एवढ्या बाया, सगळ्या त्यांच्याकडं पाहणाऱ्या, आणि त्या उंबऱ्याच्या बाहेर. मग त्यांनी पदर सारखा केला, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आणि आडनाव. चांगलं मोठ्यानं.

आणि विचारलं, 'जागा आहे का?'

छाया म्हणाली, 'आहे न जी. या.'

आतल्या सगळ्या बाया एकेक वीत सरकल्या.